आधी तिला एकटीला भेटा

माझी चूक आधी सांगते. आमच्या चर्चच्या मंडळीतली एक मुलगी रडत म्हणाली, ‘काकू, हे मारतात.’ मी दोघांना समोरासमोर बसवून प्रार्थना घेतली. त्याने डोळे पुसले, आमेन म्हटलं. घरची गोष्ट बाहेर नेली म्हणून त्या रात्री तिला दुप्पट मार पडला.

तेव्हापासून मी बाईला एकटीलाच भेटते. नागपुरात सदरला आमच्याकडे उपासनेनंतर चहा असतो. कपबशा विसळताना बाया मोकळ्या बोलतात. ‘भांडणं होतात का?’ असं विचारू नका, ती कुठे होत नाहीत! पगार कोणाच्या हातात असतो, माहेरी फोन करताना तो शेजारी उभा राहतो का, ‘नाही’ म्हटलं तर काय होतं, हे विचारा. उत्तर देण्याआधी ती दाराकडे पाहते का, तेही बघा.

कोणी बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं ‘पतीच्या अधीन असा’ ऐकवलं, तर त्याच्या आदलं वचन वाचायला सांगा: 5:21, एकमेकांच्या अधीन. ‘सत्तर वेळा सात’ क्षमा करावी हे खरं, पण मार खायला त्याच घरात परत जावं असं तिथे लिहिलेलं नाही.

मार लागला असेल तर मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात न्या आणि केसपेपरवर ‘पतीने मारले’ असंच लिहून घ्या. नर्स होते मी. ‘जिन्यावरून पडली’ लिहिलेले कागद पुष्कळ पाहिलेत. जिवावर बेतलं तर 112, सल्ल्याला 181. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने त्याला तिला असंच हाकलता येत नाही. बाईला मिळकत न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो; सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

घटस्फोटाचं नाव काढलं की मंडळी गप्प होते. 2001 पर्यंतच्या मूळ कायद्यात ख्रिस्ती बायकोला नुसत्या छळावर तो मिळतही नव्हता, व्यभिचारही सिद्ध करावा लागे. आता छळ पुरतो. कॅथलिक बहिणींनो, चर्चने लग्न रद्दबातल ठरवलं तरी कोर्टाचा हुकूम वेगळा लागतो.

आणि लग्नाच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल आधीच काढून बहिणीकडे ठेवा. पाळकांनी ‘कशाला?’ विचारलं तर पासपोर्टसाठी म्हणा. एवढं खोटं माझ्या नावावर मांडा.