८० मिमीच्या दुर्बिणीत तारा ठिपका न होता चकती दिसते? माझा अनुभव

८०/४०० ची (८० मिमी भिंग, ४०० मिमी नाभीय अंतर) छोटी अपवर्तक, म्हणजे भिंगाची, दुर्बीण, कोथरूडची गच्ची. फोकसची नळी पूर्ण बाहेर काढली तरी तारा फुगलेलाच. भिंग पुसलं, आयपीस (डोळ्याकडचं भिंग) बदलला, बार्लो (प्रतिमा आणखी मोठी करणारं जादा भिंग) लावून पाहिला. दोन रात्री वाया. मग आयपीस हाताने बाहेर ओढला, तर चकती लहान झाली. म्हणजे पुढच्या भिंगापासून आयपीसचं अंतर कमी पडत होतं! ४५ अंशांचा डायगोनल (नळी आणि आयपीसमध्ये बसणारा, प्रकाश वळवणारा जोड) खोक्यातच राहिला होता. तो प्रकाशाचा सहा-सात सेंटिमीटर मार्ग वापरतो; तो नसल्याने आयपीस तेवढाच जवळ राहत होता.

क्रम असा: बार्लो काढा. नळी अर्धी आत घ्या. डायगोनल बसवून स्क्रू आवळा, त्यात २५ मिमी आयपीस घाला. दिवसा, सूर्याकडे पाठ करून, पर्वतीच्या कळसावर फोकस साधा. रात्री फोकसचा नॉब किंचितच फिरवा. १६ पटींत कृत्तिका अख्ख्या मावल्या.