मुलाला समुपदेशनाची गरज आहे, हे कसं ओळखायचं?

किशोरवयात मूल चिडणार, दार लावून बसणार, आई-वडिलांपेक्षा मित्रांचं जास्त ऐकणार. एवढ्यावरून काळजी करू नका. शेजारच्या मुलाशी तुलना करूनही काही कळत नाही. तुलना करायची ती त्याच मुलाच्या तीन महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी.

त्यासाठी एक वही ठेवा. किती वाजता झोपला, किती जेवला, क्लास बुडवला का, मित्रांशी बोलला का, एवढंच रोज दोन ओळींत लिहा. सोलापुरात पुष्कळ घरांत वडील कारखान्यात रातपाळीला आणि आई दिवसभर विड्या वळण्यात असते. एकाला मुलाची रात्र दिसत नाही, दुसरीला मान वर करायला फुरसत नसते. वहीत दोघांचं एकत्र आलं की चित्र स्पष्ट होतं. असं 14 दिवस लिहा, कारण नैराश्याचं निदान करताना डॉक्टरही लक्षणं किमान दोन आठवडे टिकून आहेत का, हेच पाहतात. धोक्याची खूण दिसली तर मात्र वही बाजूला ठेवून लगेच निघा. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मोठं माणूस उदास झालं की गप्प होतं. मुलांची उदासी बऱ्याचदा चिडचिड होऊन बाहेर येते आणि घरचे तिला उद्धटपणा समजतात. चूक इथेच होते. आवडतं क्रिकेटसुद्धा सोडलं, आंघोळीचा कंटाळा येतोय, रात्री दोनपर्यंत जाग आहे, मार्क एकदम घसरले, अशा दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबू नका. सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, याला नाटक म्हणू नका. ताणाने पोट खरंच दुखतं. थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून विषय संपवू नका.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर जातो. अशा उन्हाळ्यात घरातही लांब बाह्या न काढणाऱ्या मुलाकडे नीट लक्ष द्या, हातावर जखमा लपवलेल्या असू शकतात. बाही ओढून बघू नका, ओरडू नका. एकांतात विचारा.

बोलायचं तर समोर बसवून नको. गाडीवर मागे बसवून चक्कर मारा, किंवा सिद्धेश्वर तलावाकाठी शेजारी-शेजारी बसा. ‘तुला कसलं टेन्शन? खायला-प्यायला कमी आहे का?’ या प्रश्नाने दार बंद होतं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा: ‘बाळा, आठ दिवस तू नीट झोपत नाहीस, मला दिसतंय. काय होतंय?’ मग गप्प राहा. उत्तर त्याच दिवशी मिळेलच असं नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, स्वतःला इजा करणं, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, या धोक्याच्या खुणा. स्पष्ट विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे. मराठीत बोलता येतं, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्या भाषांतही.

एरवी सुरुवात समुपदेशकापासून करा. सरकारी दवाखान्यांत 10 ते 19 वयासाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात. गोळ्या समुपदेशक नाही, डॉक्टर देतात आणि प्रत्येकाला त्या लागतातच असं नाही. पहिल्या भेटीला वही सोबत न्या. समुपदेशक किंवा डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतील, तेव्हा बाहेर थांबा. परतताना ‘काय काय सांगितलंस?’ असं खोदून विचारू नका, नाहीतर दुसऱ्या खेपेला मूल तिथे तोंड उघडत नाही.