म्हातारा बादशहा शोधताना मी त्याची मुलं विसरले

ऐतिहासिक मालिकांच्या कास्टिंगमध्ये नव्याने आलेल्यांसाठी लिहितेय. ब्रेकडाउन (कुठल्या पात्राला कसा नट हवा याचा तक्ता) कसं काढायचं, सेल्फ टेप (नटाने घरीच चित्रित केलेली ऑडिशन) कशी मागवायची, डेट्स जुळवताना काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मी जिथे आपटले तेवढंच सांगते. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

माझं पहिलं मोठं काम शाहजहानच्या उत्तरकाळावरचं होतं. १६५७ चा सप्टेंबर, बादशहा अंथरुणाला खिळलेला, चार मुलं तख्तासाठी उठलेली. माझं सगळं लक्ष बादशहावर. ऑडिशनला येणारा प्रत्येक जण म्हातारपण करून दाखवायचा: पाठ वाकवायची, आवाज थरथरवायचा, मध्येच खोकायचं. शेवटी रंगभूमीवरचे एक ज्येष्ठ नट आले. उठताना त्यांनी नकळत गुडघ्यावर हात टेकला, मग कुणी पाहिलं का म्हणून समोर नजर फिरवली, आणि हात काढून घेतला. तिथेच काम झालं. सगळे खूश. त्या खुशीत ब्रेकडाउनमधल्या ‘शहजादे’ या रकान्यात मी सवयीने लिहून टाकलं: वय बावीस ते सत्तावीस, देखणे, घोडेस्वारी येत असल्यास उत्तम.

लुक टेस्टला, म्हणजे वेश-मेकअप करून कॅमेऱ्यासमोर बघतात तेव्हा, बादशहा आणि चार शहजादे असे पाचही जण पहिल्यांदा एका फ्रेममध्ये उभे राहिले. कॅमेरामनने मॉनिटरकडे बघत विचारलं, “नातवंडं आली. मुलं कधी येणार?”

मी घरी जाऊन जन्मसालं काढली. ती आधी काढायला हवी होती, दहा मिनिटांचं काम. शाहजहान १५९२ चा, म्हणजे पासष्ट. दारा १६१५ चा, बेचाळीस. शुजा एक्केचाळीस. औरंगजेब १६१८ चा, चाळिशीला टेकलेला. धाकटा मुराद, तोही बत्तीस पार. आणि बावीस वर्षांचा कोण होता? दाराचा मुलगा सुलेमान शुकोह. कॅमेरामन थट्टा करत नव्हता, अगदी अचूक बोलत होता.

आता हे मी ताणणार आहे, कारण नवी पोरं इथेच फसतात. आपल्या डोक्यात ‘राजपुत्र’ हा शब्द आला की तरुण चेहरा येतो. पण बाप पासष्टीपर्यंत जगला तर राजपुत्र चाळिशीत असणारच. औरंगजेबाचंच पुढचं बघा. तो १७०७ मध्ये अहमदनगरजवळ अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारला आणि त्याच्यामागे तख्तावर आलेला त्याचा मुलगा मुअज्जम तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. त्रेसष्टीचा शहजादा! सगळी गोष्टच बदलते. बावीस वर्षांचा मुलगा बापाविरुद्ध उठला तर तो उतावळेपणा दिसतो. बेचाळीसचा उठला तर वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या शिक्क्याखाली सुभे सांभाळून आलेला कडवटपणा दिसतो. औरंगजेब अठराव्या वर्षी दख्खनचा सुभेदार झाला होता. ते ओझं पंचविशीच्या, नुकत्याच जिममधून आलेल्या चेहऱ्यावर कुठून आणणार? आणि मुलं कोवळी दिसली की बाप एकदम आजोबा होतो. आमचे ज्येष्ठ नट त्या दिवशी पासष्टचे नाही, ऐंशीचे दिसत होते.

आता कुणी म्हणेल, ‘द लायन इन विंटर’चं काय? १९६८ चा चित्रपट. इंग्लंडचा पन्नाशीचा राजा हेन्री दुसरा करणारा पीटर ओटूल तेव्हा चाळिशीही न गाठलेला, आणि त्याचा मुलगा रिचर्ड करणारा अँथनी हॉपकिन्स त्याच्याहून फक्त पाच वर्षांनी लहान. तरी पटतं. मलाही हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. मला वाटतं, ओटूलच्या समोर त्याची राणी एलिनॉर म्हणून साठीची कॅथरीन हेपबर्न आहे. तिने त्याचं वय वर ओढलंय. म्हणजे नटाचा जन्मदाखला नाही, शेजारी कोण उभा आहे ते बघायचं. एकेकट्याची ऑडिशन बघून कुटुंब ठरवू नका. बाप-मुलगा, आई-मुलगा, नवरा-बायको एका फ्रेममध्ये घ्या, मोबाइलवर का होईना.

उलटी चूकही होते. शिवाजी महाराज गेले तेव्हा पन्नास वर्षांचे होते. मनातली प्रतिमा मोठी असली की आपण उगाच दाढीत पांढरं वाढवतो. पण राज्याभिषेकाच्या वेळच्या जिजाऊ पंचाहत्तरीच्या पुढच्या होत्या, तिथे मात्र नायकाहून चार वर्षांनी मोठी अभिनेत्री खपवायला सगळे तयार असतात.

बाकी बारीकसारीक. दात बघा. पांढरेशुभ्र एकसारखे दात घेऊन सतराव्या शतकातला म्हातारा बोलायला लागला की मेकअपवाल्याची सगळी मेहनत पाण्यात. हात आणि मान बघा, दाढी तिथे पोचत नाही. ज्येष्ठ नटांना चिलखत, तासन्‌तास चालणारा मेकअप, रात्रीचं शूट याबद्दल आधीच स्पष्ट विचारा. लाजू नका, तेही लाजत नाहीत.

रील बघून शॉर्टलिस्ट करणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. तीन दिवसांत कास्टिंग शिकवतो म्हणणाऱ्यांशी तर त्याहून नाही. मला ज्यांनी ‘गुरू’ म्हणून हाताखाली घेतलं त्यांनी तो ‘शहजादे’चा रकाना वाचला होता आणि सही केली होती. मी जे शिकले ते नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून, आणि त्या कॅमेरामनकडून.

घाबरू मात्र नका. लुक टेस्ट असतेच त्यासाठी, आणि आमची चूक शूटच्या आधी सापडली. मुराद तेवढा राहिला, बत्तीसचा वाटेल इतका तो थोराड होता. उरलेल्या तिघांना नकार कळवायचं काम माझ्यावर आलं. मी मेसेज न टाकता फोन केले आणि चूक माझी आहे हे सांगितलं. एकाला पुढे सुलेमान शुकोह मिळाला. दुसरा दिवाळीला शुभेच्छा पाठवतो. तिसरा अजून माझा फोन उचलत नाही.