वाळवंटातल्या नॅशनल पार्कांची कौटुंबिक सहल: बेत नकाशा पाहून नाही, ऊन पाहून आखा

अमेरिकेच्या नैऋत्य भागाचा नकाशा उघडला की मोह आवरत नाही. लास व्हेगासहून झायन अडीच-तीन तासांवर, तिथून ब्राइस कॅन्यन दोन तासांवर, व्हेगासहून विरुद्ध दिशेला डेथ व्हॅलीही साधारण दोनच तासांवर, आणि ग्रँड कॅन्यन तर म्हणे 'वाटेतच'. बघता बघता आठ दिवसांत सहा पार्क कोंबलेला तक्ता तयार होतो. कागदावर तो बसतोसुद्धा. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच दिवशी दुपारी कोलमडतो, कारण सकाळी दहा ते चार या वेळेत उघड्या खडकावर मुलांना घेऊन फिरता येत नाही. उरतात ती पहाटेची आणि संध्याकाळची वेळ. म्हणजे एका दिवसात दोनच चांगल्या फेऱ्या. खालची सगळी आखणी हे गृहीत धरून केली आहे.

आधी महिना, मग पार्क

'वाळवंट' म्हटलं की सगळं एकसारखं तापतं असं वाटतं. इथे तसं नाही. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे, तर ब्राइसचा कडा आठ ते नऊ हजार फुटांवर. एप्रिलच्या एकाच आठवड्यात डेथ व्हॅलीत पारा नव्वद फॅरनहाइटच्या आसपास असतो आणि ब्राइसला बर्फ पडू शकतं. त्यामुळे पार्कांचे दोन गट करा. सखल गटात डेथ व्हॅली, जोशुआ ट्री आणि टूसॉनजवळचं सग्वारो. उंच गटात झायन, ब्राइस, आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि ग्रँड कॅन्यन.

मार्चचा उत्तरार्ध ते मेची सुरुवात आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात दोन्ही गट जमतात. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर सखल गट निवडा. उन्हाळ्याच्या सुट्टीशिवाय पर्याय नसेल तर डेथ व्हॅलीवर सरळ फुली मारा. तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. जगातल्या सर्वाधिक तापमानाचा अधिकृत विक्रम आजही तोच मानला जातो. 'एकदा अनुभवून बघू' हा हट्ट मोठ्यांनी एकट्याने करावा, मागच्या सीटवर चार वर्षांचं मूल असताना नाही.

उन्हाळ्यात उंच पार्कांनाही एक भानगड असते. जुलै ते सप्टेंबर या पावसाळी काळात दुपारी ढग दाटतात, आणि दहा-पंधरा मैलांवर पडलेल्या पावसाचं पाणी अरुंद घळीत अचानक लोंढ्यासारखं येतं. डोक्यावर आकाश निळं असलं तरी येतं. झायनच्या 'नॅरोज'मध्ये नदीच्या पात्रातूनच चालायचं असतं, म्हणून तिथे उतरण्याआधी त्या दिवसाचा पुराचा अंदाज व्हिजिटर सेंटरवर विचारा. 'शक्यता आहे' असं उत्तर आलं तर मुलांना घेऊन जाऊ नका.

आठवड्याला तीन पार्क पुरे

प्रत्येक ठिकाणी सलग दोन रात्री राहा. एका रात्रीच्या मुक्कामात संध्याकाळ पोचण्यात आणि सकाळ सामान भरण्यात जाते. म्हणजे नेमक्या ज्या वेळांसाठी आलो त्याच हातच्या जातात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात सरळ वर्तुळ म्हणजे लास व्हेगास, झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड आणि परत व्हेगास. यात ब्राइस ते ग्रँड कॅन्यन हा पाच तासांचा टप्पा लांब आहे. तो पेज या गावी थांबून तोडता येतो. हिवाळ्यात डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही जोडी छान जमते. मुलं अगदी लहान असतील तर माझं मत मोआबला. युटातल्या या एका गावात खोली घेतली की आर्चेस पाच मैलांवर आणि कॅन्यनलँड्सचा 'आयलंड इन द स्काय' भाग पाऊण तासावर. चार रात्री सामान एकाच कपाटात राहतं, आणि दुपारी झोपायला परत येता येतं.

बुकिंग करताना पार्कचं नुसतं नाव बघू नका, कोणता भाग तेही बघा. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर आणि दक्षिण कडा हवेतून दहा मैलांवर आहेत, पण रस्त्याने दोनशे मैलांहून जास्त. उत्तर कड हिवाळ्यात बंद असते. शिवाय जुलै २०२५च्या वणव्यात तिथलं ऐतिहासिक लॉज जळून गेलं. कुटुंबासाठी दक्षिण कडच धरा. कॅन्यनलँड्सचंही तसंच. 'नीडल्स' आणि 'आयलंड इन द स्काय' यांना जोडणारा रस्ता पार्कच्या आत नाही.

घड्याळाचाही घोळ आहे. नेवाडा पॅसिफिक वेळेवर चालतं, युटा माउंटन वेळेवर. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो या आदिवासी लोकांचा प्रदेश करतो. फोन कोणत्या टॉवरला लागतो त्यानुसार वेळ बदलत राहते. ठरलेल्या वेळेची गाइडसोबतची फेरी असेल तर 'ही वेळ कुठली?' हे आधीच विचारून ठेवा.

पास, परमिट, पैसे

यातल्या बहुतेक पार्कांत एका गाडीचं प्रवेशशुल्क ३० ते ३५ डॉलर असून ते सात दिवस चालतं. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी ८० डॉलरचा वार्षिक पास आहे, म्हणजे तिसऱ्या पार्कात तो वसूल होतो. घरात चौथीत शिकणारं मूल असेल तर त्याच्या नावाचा पास मोफत मिळतो आणि त्यावर गाडीतलं सगळं कुटुंब आत जातं. तो आधी ऑनलाइन काढून ठेवा.

२०२६पासून परदेशी पाहुण्यांसाठी दर बदलले आहेत. त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. तो नसेल तर ठरावीक ११ पार्कांत सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला वर १०० डॉलर पडतात, आणि त्या यादीत झायन, ब्राइस व ग्रँड कॅन्यन तिन्ही आहेत. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर पासाचे नियम घरी बसूनच वाचून घ्या. नोटा खिशात असल्या तरी कार्ड जवळ हवंच. बऱ्याच प्रवेशद्वारांवर आता रोख घेत नाहीत.

मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन ही नॅशनल पार्क नाहीत. ती नावाहो लोकांच्या ताब्यात आहेत, तिथे हा पास चालत नाही, आणि अँटिलोपमध्ये गाइडशिवाय सोडत नाहीत.

झायनच्या 'एंजल्स लँडिंग'साठी २०२२पासून सोडतीत परमिट लागतं. लहान मुलं असतील तर तो कडा तसाही सोडून द्या. आर्चेसमध्ये काही वर्षं ठरावीक वेळेचं प्रवेश-तिकीट लागत होतं. असे नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून निघण्याआधी प्रत्येक पार्कच्या संकेतस्थळावरचं सूचनांचं पान वाचा. पार्कातल्या कॅम्पिंगच्या बऱ्याच जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि हंगामात त्याच दिवशी संपतात.

गाडी

भाड्याची गाडी असेल तर करारातली कच्च्या रस्त्यांविषयीची ओळ शोधा. बहुतेक करारांत डांबर सोडलं की विमा संपतो, आणि डेथ व्हॅलीतले कच्चे रस्ते टायर फाडण्यासाठी प्रसिद्ध आहेत. डिकी उघडून सुटं चाक खरंच आहे का ते बघा; हल्ली कित्येक गाड्यांत त्याऐवजी हवा भरायचा पंप असतो. टायरमधली हवा सकाळी, चाकं थंड असताना तपासा. लहान मुलांची सीट घरून नेता येत असेल तर उत्तम. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी बूस्टरचे नियम राज्यागणिक थोडे वेगळे आहेत.

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की भरायचं. डेथ व्हॅलीच्या आत पंप आहेत, पण महाग आणि एकमेकांपासून लांब. जोशुआ ट्रीच्या आत एकही नाही. डेथ व्हॅलीतल्या लांबच लांब चढांवर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशा पाट्या दिसतील. त्या मनावर घ्या.

फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि प्रवेशद्वारावर मिळणारा कागदी नकाशा ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या मांडीवर ठेवा. बहुतांश भागात रेंज नसते. फोन 'जवळचा रस्ता' म्हणून वर्षानुवर्षं न वापरलेली मातीची वाट दाखवतो, आणि त्यावर विश्वास ठेवून डेथ व्हॅलीत माणसं मेली आहेत.

पाणी, आणि पाण्याबरोबर मीठ

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर. हे पिण्याचं. त्याशिवाय दोन-तीन गॅलन डिकीत राखीव, ज्यांना हात लावायचा नाही. मुलांना तहान लागण्याची वाट बघू नका. दर वीस मिनिटांनी दोन घोट, असा नेम लावा आणि जमलं तर ते काम मुलांपैकीच एकाला द्या. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंग कोरडंच आहे असं वाटत असताना पाणी कमी होत जातं.

नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नव्हे. तासन्‌तास खाल्ल्याशिवाय पाणीच प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी-मळमळ सुरू होते. बरोबर खारं काहीतरी सतत चरायला असू द्या. मूल चिडचिडं झालं, चेहरा लालबुंद झाला, पोटात ढवळतंय म्हणालं, की फेरी तिथेच संपली असं समजून सावलीत बसवा, कपडे भिजवा, वारा घाला. असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात, लगेच ९११ या आपत्कालीन नंबरला फोन.

एक दिवस असा

नमुना म्हणून डेथ व्हॅलीतला फेब्रुवारीतला दिवस घेऊ. उजाडायच्या आत झाब्रिस्की पॉइंट. गाडीपासून एक छोटा पक्का चढ आहे, मुलांना अर्धवट झोपेतही जमतो. तिथून बॅडवॉटर. पूर्वेचे डोंगर अगदी अंगावर उभे असल्याने सकाळी त्या मिठाच्या मैदानावर बराच वेळ सावली असते. मागच्या कड्यावर खूप उंच एक छोटीशी पाटी लावली आहे, 'समुद्रसपाटी' सांगणारी. ती मुलांना शोधायला लावा. सापडली की आपण किती खाली उभे आहोत हे आकड्यांपेक्षा पटकन कळतं. दुपारी जेवण, व्हिजिटर सेंटर, झोप. चारनंतर 'आर्टिस्ट्स ड्राइव्ह' हा नऊ मैलांचा एकेरी रस्ता, कारण तिथल्या हिरव्या-गुलाबी खडकांवर तेव्हा ऊन तिरपं येतं. सूर्यास्ताला मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या. इथे मुलांना दुसरं काही दाखवायची गरज नाही.

बाकीच्या पार्कांत हाच साचा ठेवून जागा बदला. आर्चेसमध्ये 'डेलिकेट आर्च'ची वाट जाऊन-येऊन तीन मैल, चढाची आणि बिनसावलीची आहे. त्याऐवजी 'सँड ड्यून आर्च' बघा. दोन खडकी भिंतींमधल्या सावलीत मऊ वाळू आहे. झायनमध्ये हंगामात दरीतल्या रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत, मोफत शटल असते. पार्किंग सकाळी लवकरच भरतं. ग्रँड कॅन्यनमध्ये उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला लागतो असं धरा, आणि मुलं उड्या मारत असतानाच मागे फिरा. जोशुआ ट्रीच्या चोया निवडुंगाच्या बागेत जाताना खिशात एक मोठ्या दातांचा कंगवा ठेवा. त्या निवडुंगाचे काटेरी गोळे नुसत्या स्पर्शाने कपड्यांना चिकटतात. बोटांनी काढायला गेलं की बोटात रुततात. कंगवा खाली सरकवून एका झटक्यात उडवायचे.

प्रत्येक पार्कात ज्युनियर रेंजर या मुलांसाठीच्या उपक्रमाची पुस्तिका मागून घ्या. ती भरून दिली की रेंजर, म्हणजे पार्कचे कर्मचारी, मुलांना शपथ देतात आणि बॅज लावतात. दुपारच्या रिकाम्या वेळेवर याहून चांगला उतारा मला माहीत नाही. त्यातूनच मुलांना कळतं की दगड उचलायचे नाहीत आणि युटातल्या काळपट, खडबडीत मातीवर पाय द्यायचा नाही, कारण तो सूक्ष्मजीवांचा जिवंत थर असतो आणि एका पावलाने मोडलेला भाग भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. ड्रोन घरीच ठेवा, सगळ्या पार्कांत बंदी आहे.

निघायच्या आदल्या रात्री

रोजचा मार्ग आणि 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळव' अशी वेळ घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला लिहून पाठवा. गाडी आड ठिकाणी बंद पडली तर काय करायचं हेही सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: बॉनेट उघडं ठेवायचं, गाडीच्या सावलीत बसायचं, राखीव पाणी आता काढायचं, आणि कुणीही एकट्याने मदत शोधायला चालत निघायचं नाही. चालणाऱ्या माणसापेक्षा उभी गाडी लांबून लवकर दिसते.