रांधून वाचलेली पुस्तकं

आमच्या वाचनालयात कुणी नवीन कामाला लागलं की मी आधी दाखलनोंद रजिस्टर उघडत नाही. एक पाककृतीचं पुस्तक आणि एक कादंबरी हातात देते आणि दोन्हींच्या मागची तारीखपट्टी वाचायला सांगते. पुस्तक कधी बाहेर गेलं, कधी परत आलं, एवढेच शिक्के असतात तिच्यावर. पण पाककृतींच्या पुस्तकावर शिक्क्यांची दाटी असते ती गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात, मग एप्रिल-मे महिन्यांत, चाकरमानी गावी आले की. जाडजूड कादंबऱ्या जातात जून-जुलैत. त्या दोन महिन्यांत मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, शेतीची लावणी उरकली की माणसाला जरा बसायला मिळतं. कोणत्या महिन्यात कोणती पुस्तकं पुढच्या मांडणीवर हवीत हे मी या पट्ट्यांवरून शिकले.

मी सिंधुदुर्गात समुद्राजवळच्या एका शासनमान्य सार्वजनिक वाचनालयात काम करते. या कामात येऊ पाहणारे बरेच जण विचारतात की शिक्षण काय लागतं, पगार किती, दिवसभर नुसतं बसायचं असतं का. शिक्षणाचं थोडक्यात सांगते. बारावीनंतर ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग करता येतो, लहान वाचनालयात कामाला लागायला तो बरा. पदवीनंतर बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करा, नोकरी सांभाळून करायचं तर मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं असेल तर एम.लिब., म्हणजे त्यातली पदव्युत्तर पदवी, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. सार्वजनिक वाचनालयांत मोबदला कमी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने वाचनालयांना अनुदान मिळतं, ते अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे ठरतं आणि हप्त्यांनी येतं. हप्ता लांबला की आपलं मानधनही लांबतं. घरात दुसरा आधार असेल तरच सुरुवातीची वर्षं निभतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते.

वर्गात जे शिकवतात ते मन लावून शिका. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरी ८९१.४६३ ला आणि पाककृती ६४१.५ ला, हे पाठ झालं की कपाटात हात आपोआप जातो. मात्र वर्गात एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती म्हणजे वाचणं. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्याने पुस्तकं वाचलेली असली पाहिजेत आणि त्यांच्याबद्दल त्याचं स्वतःचं मत असलं पाहिजे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे १९३१ चे ग्रंथालयाचे पाच नियम परीक्षेत हमखास येतात. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पुस्तक आतून ठाऊक नसताना हे दोन पाळायचे कसे?

नुसतं मत असूनही भागत नाही, हे मी एका चुकीतून शिकले. कामाला लागून वर्ष झालं होतं. एक बाई नेमाने यायच्या, हलक्याफुलक्या कथा न्यायच्या. एकदा म्हणाल्या, काहीतरी चांगलं दे. मी नुकतंच श्री. ना. पेंडशांचं ‘रथचक्र’ संपवलं होतं आणि त्यातच बुडालेली होते. १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. त्यातल्या बाईला लेखकाने नावसुद्धा दिलेलं नाही, ती फक्त ‘ती’. मुलांना शिकवायचं या एकाच जिद्दीने ती भरल्या घराशी आणि दारिद्र्याशी झुंजते. शेवट फार कठोर आहे. मी उत्साहाने पुस्तक त्यांच्या पिशवीत घातलं. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, “बाय, पुस्तक चांगला असा, पण माका आता ह्या वाचूक नको.” त्यांच्या घरात त्याच महिन्यात काय घडलं होतं ते मला नंतर दुसरीकडून कळलं. पुस्तक थोर होतं, माझं मतही चुकीचं नव्हतं, पण द्यायची वेळ चुकली होती. तेव्हापासून मी पुस्तक सुचवण्याआधी दोन वाक्यं बोलते. घरी कसं काय, मुलगा कधी येणार, आंब्याला मोहोर कसा आहे. त्या उत्तरांतून कळतं काय द्यायचं ते. ‘रथचक्र’ मी आजही देते, पण माणूस बघून.

या पावसाळ्यात मी पेंडशांचीच ‘तुंबाडचे खोत’ तिसऱ्यांदा वाचली. १९८७ ची कादंबरी, दोन खंड, चार पिढ्यांची कथा. जगबुडी नदीच्या काठचं गाव, गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोतांचा माज, त्यांचा उतरता काळ. पहिल्या वाचनात मी माणसांच्या मागे धावले होते. या वेळी नदीच जास्त लक्षात राहिली, आणि घर मोडत जाताना माणसं बोलण्यात कशी कडू होत जातात ते. ही कादंबरी ज्याला सवड आहे त्यालाच द्यावी, घाईच्या माणसाला ती दमवते. नवीन लोकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. दोन्ही खंडांना वेगवेगळे दाखल अंक, म्हणजे रजिस्टरातले नोंद क्रमांक, पडतात, त्यामुळे ते कपाटात एकमेकांपासून दुरावतात. एक निवृत्त गुरुजी पहिला खंड वाचून दीड महिना दुसऱ्याची वाट बघत होते आणि तो आमच्याच मांडणीवर भलत्या ओळीत उभा होता. खंड नेहमी शेजारी ठेवा आणि पहिल्याच्या कार्डावर दुसऱ्याचा अंक लिहून ठेवा.

आता कॉलेजची मुलंही ही कादंबरी मागतात, कारण त्यांनी २०१८ चा ‘तुंबाड’ चित्रपट पाहिलेला असतो. चित्रपटाने नाव इथून घेतलं, कथा मात्र सर्वस्वी वेगळी आहे. हे पुस्तक देतानाच सांगून टाकायचं, नाहीतर मुलगा पन्नास पानं भूत शोधत बसतो आणि मराठी कादंबरीच कंटाळवाणी असते असं ठरवून मोकळा होतो. मी सांगते, यात भूत नाही, पण रात्रीच्या वेळी खोतांचं घर पुरेसं भीती घालतं. निम्मी मुलं तरीही नेतात.

मे महिन्यात मुंबईहून आलेल्यांना मी गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ देते. १९५५ चं पुस्तक. अंबावहिनी आपल्या तोंडाने आपल्या गावाची कहाणी सांगते, गाव कसं होतं आणि कसं ओस पडत गेलं. बंद घराचं कुलूप महिनाभरासाठी उघडून बसलेल्या माणसाला ती जशी लागते तशी दुसऱ्या कुणाला लागत नाही. गावाची थोरवी सांगताना लेखक जरा जास्त हळवा होतो असं मला वाटतं, पण अंबावहिनीची भाषा इतकी खरी आहे की मी ते मनावर घेत नाही.

नव्यांपैकी प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ वाचली. २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. लेखक आमच्या सावंतवाडीचे, आणि कादंबरीत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, अजून जपलेली आहे, म्हणून आमच्याकडचा वाचक हिच्यात लवकर शिरेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. कादंबरी सरळ रेषेत चालत नाही, गोष्टीतून गोष्ट निघते, आजच्या काळाबद्दलचे जड प्रश्न ती अंगावर घेते. मला दोनदा मागची पानं उलटावी लागली. पण जे वाचक टिकले ते परत येऊन तासभर बोलत बसले, आणि असं बोलणं घडवणारी पुस्तकं वर्षात दोन-चारच येतात. ही सुचवताना मी सांगते की पहिली चाळीस पानं धीर धरा.

आता पाककृतींच्या पुस्तकांकडे येते, कारण माझं भांडण तिथेच आहे. खरेदीच्या बैठकीत मी या पुस्तकांची यादी ठेवली की कुणीतरी म्हणतंच, “हे कशाला? यूट्यूबवर सगळं असतं. त्या पैशांत वैचारिक काहीतरी घेऊ.” वैचारिक पुस्तकं घ्यावीतच. पण आमच्याकडे पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढणाऱ्या कितीतरी बायका पाककृतीच्या पुस्तकासाठी आल्या. त्यातली एक वर्षभरात कादंबऱ्यांवर आली आणि आता आत्मचरित्रांशिवाय काही नेत नाही. वाचनाचं दार कुठल्या बाजूने उघडेल हे आपण ठरवू नये. आणि दुसरं, ही पुस्तकंही लेखकांची पुस्तकं आहेत, त्यांच्यातही चांगलं-वाईट असतं. ते ओळखायचा माझा एकच मार्ग आहे. पुस्तक घरी न्यायचं आणि त्यातले तीन पदार्थ करायचे. एक आपल्याला येणारा, एक कधीच न केलेला, एक आपल्या भागातला.

कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालची, आणि आमच्याकडे तिची प्रत दर काही वर्षांनी झिजून बदलावी लागते. तिचं बळ वाटी-चमच्याच्या मापात आहे. पहिल्यांदा चूल सांभाळणाऱ्या मुलीकडे वजनकाटा नसतो, वाटी असते. एका नवीन लग्न झालेल्या मुलीने विचारलं, वाटी कुणाची धरायची? प्रश्न रास्त होता. मी तिला सांगितलं, तुझ्या घरातली कुठलीही एकच धर, आणि एका पदार्थाला शेवटपर्यंत तीच वापर. प्रमाण सांभाळलं की झालं. ‘रुचिरा’ रोजच्या स्वयंपाकासाठी मी डोळे मिटून देते.

लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं. ते मी स्वयंपाकासाठी कमी आणि वाचण्यासाठी जास्त देते. शंभर वर्षांपूर्वीचं घर त्यात दिसतं. जुन्या पुस्तकांत शेर आणि तोळा आले की आजचा वाचक अडतो. म्हणून मी अशा पुस्तकांच्या खिशात एक कार्ड ठेवलं आहे: १ तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा १ शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्या कार्डामुळे पडून राहिलेली पुस्तकं फिरायला लागली.

किनाऱ्यावरच्या स्वयंपाकाची म्हणून जी चकचकीत पुस्तकं येतात, त्यांच्याबद्दल मात्र मी कडक आहे. फोटो सुंदर, कागद गुळगुळीत, किंमत भारी. पण आधी मी बांगड्याचं पान काढते आणि तिरफळं, म्हणजे माशांच्या कालवणात घालायची उग्र वासाची सुकी फळं, कशी वापरायला सांगितली आहेत ते बघते. खोबऱ्याच्या वाटपात तिरफळं वाटा असं लिहिलं असेल तर लेखकाने तो पदार्थ स्वतः केलेला नाही असं मी समजते. तिरफळातली काळी बी काढून टाकायची, वरची सालं नुसती ठेचायची आणि माशाची कढी उकळायला लागली की वरून घालायची. बारीक वाटली तर कडवट लागतात. मी एका पुस्तकाप्रमाणे वाटून करून पाहिली होती. घरातल्यांनी भात ताकाशी खाल्ला आणि सहा बांगडे वाया गेले. तसंच आमसुलांचं. ‘चार आमसुलं’ असं नुसतं लिहून भागत नाही. यंदाची ओलसर सोलं आणि गेल्या वर्षीची सुकलेली यांचा आंबटपणा आणि मीठ वेगळं असतं. चांगला लेखक लिहितो की आधी दोन घाला, चाखा, मग ठरवा. हीच नजर मग कादंबरीलाही लागते. लेखकाने ते जगणं जवळून पाहिलं आहे की लांबून, ते अशाच एखाद्या बारीक जागी उघडं पडतं.

पुस्तकं जपण्याचंही सांगते, कारण आमच्या हवेत हे अर्धं काम आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कापडी बांधणीवर पांढरी बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवा, पुस्तकं गच्च कोंबू नका. बुरशी दिसली की पुस्तक आधी वेगळं काढा आणि कोरड्या मऊ फडक्याने बाहेरच्या दिशेने पुसा. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात कधी ठेवू नका, पानं वेडीवाकडी होतात. पानांत टीपकागद घालून पंख्याखाली सुकवा. पाककृतींच्या पुस्तकांना याशिवाय तेल आणि हळद लागतेच. त्याबद्दल मी दंड घेत नाही. जे पान आपोआप उघडतं आणि पिवळं झालेलं असतं, तोच पदार्थ गावात शिजतो आहे, हे मला त्यावरून कळतं.

गेल्या नोव्हेंबरात एक पुस्तक असंच परत आलं. बांगड्याच्या पानावर समासात शिसपेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं: “तिरफळां वाटूची नाय. ठेचून मागसून घालूची.” पुस्तकावर लिहू नये असा नियम आहे आणि तो मी सगळ्यांना सांगते. मी ती ओळ एका कोऱ्या कार्डावर उतरवून घेतली, मग खोडरबराने समास स्वच्छ केला आणि कार्ड पुस्तकाच्या खिशात ठेवलं. पुस्तक तेव्हापासून पाच वेळा बाहेर जाऊन आलं. कार्डावर माझ्या अक्षराखाली आता आणखी दोघींची अक्षरं आहेत. एकीने आमसुलांचं लिहिलं आहे, दुसरीने सुक्या बांगड्याला पाणी किती ते.