जपानशी नातं जोडताय? या चुका टाळा (आणि चारोळ्या आवरा)

मी बारा वर्षं पुण्यात जपानी इंटरप्रिटर म्हणून काम करतेय. कंपन्यांचं काम असतंच, पण राज्याकडे, महापालिकेकडे किंवा एखाद्या चेंबरकडे जपानी शिष्टमंडळ आलं की मधल्या खुर्चीत बऱ्याचदा मीच असते, त्यामुळे करार होतो, फोटो येतो आणि पुढे सगळं थंड का पडतं ते चांगलंच बघितलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सत्कार. एका ठिकाणी पाहुण्यांकडे पाऊण तास होता, त्यातली पस्तीस मिनिटं दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पगडी आणि प्रास्ताविकात गेली, आणि प्रास्ताविकात काय तर चारोळी! वर मला म्हणे, जपानीत सांगा. मी "वक्त्यांना फार आनंद झालाय" एवढं सांगून सुटले. उरलेल्या दहा मिनिटांत पाहुण्यांनी एकच प्रश्न विचारला, एप्रिल-मेमध्ये पाणी दिवसातून किती तास मिळतं? आणि ज्याला ते माहीत होतं तो इंजिनिअर बाहेर जेवणाची पानं मोजत उभा होता. तर आधी पाणी, वीज, जमीन, रस्ता यांचे आकडे एका कागदावर, तेही जपानीत, आणि तो इंजिनिअर पहिल्या रांगेत. शाल जेवताना द्या ना, कोण नाही म्हणतंय. आणि भेट म्हणून चार वाट्यांचा सेट नको, त्यांच्याकडे चारचा एक उच्चार "शि", आणि मृत्यूलाही तेच म्हणतात. पाच द्या.

दुसरं म्हणजे "हाई". समोरचा मान हलवत हाई हाई म्हणतोय म्हणजे तो ऐकतोय, कबूल करत नाहीये. "केन्तो शिमासु" म्हणजे शब्दशः विचार करतो, पण बैठकीच्या शेवटी आलं तर बहुतेक वेळा ते आपलं "बघू" असतं! तरी दुसऱ्या दिवशी प्रेसनोट निघते, गुंतवणूक नक्की म्हणून. मी आता उठायच्या आधी विचारतेच की पुढचं काम काय, कोण करणार, कोणत्या तारखेला, आणि या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही तर समजून जाते.

तिसरी गोष्ट कुणी लक्षातच घेत नाही. त्यांच्याकडे बदल्या मुख्यतः एप्रिलमध्ये, आपल्याकडे मे-जूनमध्ये, म्हणजे जानेवारीत हात मिळवलेली दोन्ही माणसं पावसाळ्यापर्यंत गायब. नवा साहेब पहिल्यापासून ओळख करून घेतो. जाणाऱ्याने नव्याची गाठ निदान व्हिडिओ कॉलवर तरी घालून द्यावी, मेलमध्ये सीसी करणं म्हणजे ओळख नाही.

सगळे टोकियोलाच पळतात हीसुद्धा चूकच. जपानमध्ये ४७ प्रीफेक्चर आहेत, आपल्या राज्यासारखीच पण आकाराने लहान, आणि राज्याचं खरं नातं तिथे जमतं. महाराष्ट्राने २०१३ मध्ये वाकायामाशी करार केला तो कागदावरच राहिला नाही, २०१५ मध्ये तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. कोयासान हे शिंगोन या बौद्ध पंथाचं मोठं ठिकाण, तिथल्या जुन्या थडग्यांवर सिद्धम लिपीतली संस्कृत अक्षरं कोरलेली आहेत. आपला एक ग्रुप पुतळ्यापाशी फोटो काढून वीस मिनिटांत बसमध्ये येऊन बसला, मला इतकं वाईट वाटलं काय सांगू.

संस्कृती म्हणजे लावणी आणि इकेबाना (त्यांची फुलांची रचना) एका स्टेजवर, असं धरून चालू नका हो. घरचं कितीतरी पडून आहे. १८९३ मध्ये टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मिळून मुंबई ते जपान जहाज सुरू केलं ते कापसासाठी, हे मी एकदा चहाच्या वेळी सांगितलं तर तोपर्यंत गप्प बसलेले म्हातारे गृहस्थ वही काढून लिहायला लागले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आहे, वरळीचं जपानी मंदिर आहे, अजिंठ्याच्या विकासासाठी जपानने कर्ज दिलंय. पुण्यात पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवरून केलंय, पण तिथे रोज चालायला येणाऱ्या दहा जणांना ओकायामा विचारा, नऊ जण तोंडाकडे बघतील.

भाषेचं थोडक्यात सांगते, जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात, त्यातली एन-फाइव्ह सगळ्यात खालची आणि एन-वन सगळ्यात वरची. ती पास झालेल्या भाच्याला करारावर बसवू नका, एन-टू तरी हवं, आणि कागदपत्रं दोन दिवस आधी द्या.

शेवटचं कॅलेंडर. त्यांचं घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणजे आपण जेवून दोनला कॉल लावला की तिथे साडेपाच, माणूस आवराआवर करतोय. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठ सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्यात ओबोन, पितरांचे दिवस, बरीच ऑफिसं बंद. एका साहेबांनी १३ ऑगस्टला अर्जंट मेल टाकला, १४ ला रिमाइंडर, १६ ला मला फोन, "मॅडम, यांना इंटरेस्ट नाही वाटतं." मी म्हटलं, साहेब, पितृपक्षात कुणी तुमच्या गावाकडच्या घरी टेंडर घेऊन आलं तर?