गिनीला रिठ्याची अंघोळ नको: सोन्याची नाणी जपताना या चुका टाळा

आमच्या आत्याकडे १९१८ सालची गिनी होती. घोडेस्वाराच्या चित्राखाली, सालाच्या वर बारीकसं 'आय' अक्षर, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली. तिथल्या गिन्यांवर फक्त तेच साल आढळतं. आत्या दर लक्ष्मीपूजनाला ती रिठ्याच्या पाण्यात टाकून जुन्या ब्रशने लख्ख घासायची. पुढे एका संग्राहकाने भिंगातून पाहिली आणि सोन्याच्या भावावर एक रुपया जास्त द्यायला तयार होईना.

घासणं ही सगळ्यात महागडी चूक. सोनं जितकं शुद्ध तितकं मऊ, ९९९.९ शुद्धतेच्या (हजारात ९९९.९ भाग सोनं असलेल्या) नाण्यावर साध्या फडक्यानेही चरे उठतात. कडेने धरा, तोंडावर बोट नको. हळदकुंकू डबीवर वाहा, लक्ष्मी रागावत नाही.

नव्या नाण्यावर लालसर ठिपके दिसले की लोक सोनाराकडे भांडायला धावतात. बहुतेकदा ते नाणं पाडताना चिकटलेले तांब्या-चांदीचे सूक्ष्म कण असतात, खोटेपणा नव्हे. चिंच-लिंबू लावू नका, तसेच राहू द्या.

शुद्धतेच्या आकड्यालाही फार भुलू नये. दहा ग्रॅमच्या नाण्यात ९९९ आणि ९९९.९ यांतला फरक नऊ मिलिग्रॅमचा. गिनी २२ कॅरेटची, पण ७.९८ ग्रॅम वजनात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम भरतं. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड नाणंही २२ कॅरेटच, ३३.९३ ग्रॅम वजनात पुरं एक ट्रॉय औंस (३१.१ ग्रॅम) सोनं. तांबं टणकपणासाठी घालतात.

पारख करताना कसोटीच्या दगडावर रेघ ओढू देऊ नका, एक्स-रे यंत्रावर तपासून घ्या. मात्र ते यंत्र वरचा थरच वाचतं. पाण्यातल्या वजनावरही विसंबू नका: खोट्या नाण्याच्या पोटात भरतात त्या टंगस्टन धातूची घनता १९.२५, सोन्याची १९.३२.

आपल्याकडे पावसाळ्यात पापडसुद्धा सादळतात, तर नाणं पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवूच नका. ते पाकीट चिकट हिरवट थर सोडतं, तांबं असलेल्या नाण्याला तो खातो. कडक कॅप्सूल, सिलिका जेलची पुडी, घट्ट डबा. सीलबंद आलेलं असेल तर सील फोडू नका.

राहिली कडी. सोनाराकडून झाळून कडी लावली की नाण्याचं लॉकेट झालं. काढली तरी खूण राहते. आत्याची गिनी शेवटी तशीच नातीच्या गळ्यात गेली. छान दिसते.